दोन चाके, एक आस

दोन माणसांनी एकमेकांना ओळखावे कसे, या प्रश्नाला आपल्या तालुक्यातील जुन्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिले: आधी लग्न करावे, ओळख मागाहून होतेच. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने पोह्यांची बशी पुढे करावी, मुलाने मान खाली घालून शिक्षण विचारावे, वडीलधाऱ्यांनी पाऊसपाण्याच्या गोष्टी काढाव्यात आणि उरलेले सगळे आयुष्यावर सोपवावे. या रीतीत काही शहाणपण होते हे मी नाकारीत नाही. त्याच रीतीने जुळलेले कितीतरी संसार मी सुखाने चाललेले पाहिले आहेत. पण त्या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. प्रश्न विचारायचे ते मुलाकडच्यांनी. मुलीलाही काही विचारायचे असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नसे.

आता काळाने फासा उलटा टाकला आहे. जोयड्यात राहणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे कठीण झाले आहे, हे आपण घरोघरी अनुभवतो. घाटमाथ्यावरच्या सुपारीच्या पट्ट्यात सगळीकडेच ही तक्रार ऐकू येते. कुळागर आहे, घर आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. पण ‘राहतो कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर दिले की पलीकडून फोन हळूच ठेवला जातो. माझा पुतण्या त्यांतलाच एक. पुण्यात चार वर्षे नोकरी करून तो परत आला, वडिलांचे कुळागर पाहू लागला आणि घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधून स्थिरावला. बेळगावच्या एका मुलीचे स्थळ आले. ती शाळेत शिक्षिका. दोन्ही घरांची दोनदा भेट झाली. मुलगी ‘नाही’ म्हणाली नाही, पण ‘हो’ही म्हणाली नाही. तिने एवढेच सांगितले, “मला एक पूर्ण दिवस हवा. आम्ही दोघेच. बरोबर कोणी नको.”

पुतण्याने दिवस निवडला तो शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५. वहिनींचा चेहरा उतरला. “चौदाच कशाला? पंधरा तारखेला काय झाले आहे?” असे त्या दोनदा म्हणाल्या. त्यांचा धसका अगदीच निराधार नव्हता. २००९च्या जानेवारीत मंगळुरूतील एका पबमध्ये तरुणींवर हल्ला झाला, तेव्हापासून आपल्या भागात या दिवसाचे नाव निघाले की आईबापांच्या पोटात गोळा येतो. शिवाय हा दिवस परका, बाजाराने आणलेला, हा आक्षेप आहेच. बाजाराचे मी नाकारीत नाही. पण या दिवसाची प्रेमाशी गाठ घालणाऱ्यांत चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर हा अगदी पहिल्यांपैकी मानतात, आणि त्याच्या कवितेत त्या दिवशी जोडीदार निवडतात ते पक्षी. पक्ष्यांनी जोडी जमवण्याचे हे दिवस आपल्या रानाला तरी परके नाहीत. त्याच सुमारास आपल्याकडे धनेश ढोली शोधू लागतो.

या धनेशाचीही एक हकिकत आहे. मुलगी पहिल्यांदा जोयड्याला आली तेव्हा पुतण्याने तिला मोठ्या अभिमानाने धनेशाच्या ढोलीचे झाड दाखवले होते. मादी ढोलीत शिरते, चिखल आणि विष्ठा यांनी दार आतून लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो, हे सगळे त्याने रंगवून सांगितले. पाहुण्यांना सांगून सांगून ते त्याला पाठच झालेले. मुलीने शांतपणे विचारले, “आणि तिला बाहेर यायचे असेल तेव्हा?” हा प्रश्न त्याला आजवर कोणत्याही पर्यटकाने विचारला नव्हता. थोडे थांबून तो म्हणाला, “तेव्हा भिंत तीच फोडते.” मुलगी जोयड्याला दुसऱ्यांदा आली, ती या उत्तरामुळे आली असावी असा माझा तर्क आहे.

असो. दिवस ठरला, आता कार्यक्रम ठरायचा होता. पुतण्या माझ्याकडे आला तो एक विलक्षण कल्पना घेऊन. “काका, गो-कार्टमधून शहर पाहायचे. जन्मभर लक्षात राहील.” टोकियोत राहणाऱ्या एका मित्राने त्याला चित्रफीत पाठवली होती. जमिनीला टेकलेल्या, बिनछपराच्या चिमुकल्या गाड्या ओळीने भर रस्त्यातून धावताहेत, भोवती उंच इमारतींचे दिवे, पदपथावरचे लोक हात हलवताहेत. जोयड्यात राहणारा मुलगा मागासलेला नाही, हे त्याला एका दिवसात सिद्ध करायचे होते. त्याचे हे मनोगत मला उमगले, म्हणून मी कल्पना हसण्यावारी नेली नाही. तिची चौकशी केली.

हे वाहन मुळात मोडीतून जन्माला आले. १९५६ साली कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे आर्ट इंगल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिराने पोलादी नळ्यांचा सांगाडा केला, त्याला चार लहान चाके लावली आणि गवत कापण्याच्या यंत्राचे उरलेले इंजिन बसवले. दारे नाहीत, छप्पर नाही, स्प्रिंग नाहीत. बसणाऱ्याचे बूड रस्त्यापासून काही बोटांवर. म्हणूनच ताशी चाळीस किलोमीटरचा वेग त्यात दुप्पट वाटतो. सेना आणि शूमाखर यांच्यासारखे जगज्जेते चालक लहानपणी याच खेळण्यातून पुढे आले.

टोकियोत या गाड्या रस्त्यावर येऊ शकतात, कारण जपानच्या कायद्यात पन्नास सी.सी.पर्यंतच्या चारचाकीसाठी एक वेगळा छोटा वर्ग आहे आणि त्यात त्या बसतात. तिथेही हा खेळ निर्वेध चालला नाही. अशा गाड्या भाड्याने देणारी एक कंपनी गिऱ्हाइकांना मारिओ या खेळातील पात्रांचे पोशाख चढवून फिरवीत असे. निन्तेंदो कंपनीने २०१७ साली तिच्यावर दावा लावला आणि २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने पाच कोटी येनांची भरपाई ठरवली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पिवळ्या, तीनचाकी, दोघांना शेजारी शेजारी बसवणाऱ्या गाड्या निघाल्या. उपग्रहाच्या साहाय्याने त्या वळणावळणाला ‘आता डावीकडे पाहा’ असे बोलून वाट दाखवीत. ही दोनआसनी गाडी मला मनापासून आवडली. पण आपल्याकडे १९८८चा मोटार वाहन कायदा आडवा येतो. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि कार्टची नोंदणी होत नाही. त्यामुळे कार्ट चालवायची ती कुंपणातल्या मैदानावर. तशी मैदाने गोव्यात मडगावजवळ नुवे येथे आणि उत्तरेकडे हडफडे येथे झाली. याचा अर्थ पुतण्याला सांगितला, “कार्ट आणि शहर या दोन गोष्टी आपल्याला वेगवेगळ्या कराव्या लागतील.”

त्याचा विरस झाला. मला मात्र ते बरेच झाले असे वाटले. पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसे बोलत चालली तर तिसऱ्याने थांबावे. त्या रंगीत घरांच्या दारांत उभे राहून फोटो काढणाऱ्यांना तिथले रहिवासी विटले आहेत. आपल्याकडे गणेशगुडीला नदीवर तराफ्यांचा खेळ खेळायला आलेली मंडळी रात्री मोठ्याने गाणी लावतात, तेव्हा आपल्याला काय वाटते ते आठवावे. स्वतःच्या गावात जो उपद्रव सोसवत नाही, तो दुसऱ्याच्या गावात प्रेमाच्या नावाखाली करू नये. मग आम्ही कागद घेऊन बसलो आणि बेत आखला. मुलीने बेळगावहून बसने रामनगरला यावे. तिथून पुतण्याने घरच्या मोटारीने तिला अनमोड घाटातून न्यावे. सकाळी मैदानावर कार्ट. दुपारी पणजीत काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर. फोंतेन्हासमध्ये स्कूटर लावून पायी. मग फेरीबोटीने मांडवी ओलांडून बेतीला जायचे आणि तसेच परत यायचे. संध्याकाळी जोयडा. मुलीने रात्री आमच्या घरी, माझ्या पत्नीजवळ मुक्काम करावा. वहिनींना शेवटचे कलम ऐकून हायसे वाटले.

पुढचे मी पाहिलेले नाही. मागाहून दोघांनी वेगवेगळे सांगितले आणि दोघांच्या सांगण्यात थोडा फरक आहे. तो फरक मी तसाच ठेवतो.

मैदानावर दोघांनी एकेक कार्ट घेतली. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलीची गाडी वळणावर मागून घसरली. तिसऱ्या फेरीला तिला कळले की वेग वळणात शिरण्यापूर्वीच उतरवायचा असतो; वळणात ब्रेक दाबला की गाडी फिरते. ती पुढे गेली आणि पुढेच राहिली. पुतण्याच्या म्हणण्यानुसार ती उत्तम चालवीत होती. मुलीच्या म्हणण्यानुसार तो सरळ रस्त्यावर मुद्दाम पाय सैल सोडत होता. शिरस्त्राण काढल्यावर तिने त्याला विचारले. त्याने हसून कबूल केले. तिला राग आला. “तू मला जिंकू दिलेस, याचा अर्थ जिंकायचे कोणी ते तूच ठरवलेस,” असे ती म्हणाली. त्याने स्वतःच्या पैशांनी दुसरी पाळी घेतली, तेव्हा तिने आपले पैसे आपण भरले. या वेळी तो मनापासून चालवायला बसला आणि जिंकला. ती हरली आणि खूश झाली. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते पाहून पुतण्याने कार्टवर केलेला खर्च वसूल झाला असे मला वाटले.

कार्टमध्ये बोलता येत नाही. कानांवर शिरस्त्राण, मध्ये इंजिनाची घरघर, शिवाय दोघे दोन गाड्यांत. स्कूटरवर बोलता येते, पण चेहरा दिसत नाही. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीशी बोलतो. कठीण गोष्टी काढायला पाठ बरी असते, असे मुलीचे मत पडले. आल्तिनोच्या चढावर तिने विचारले, “पुण्याहून परत का आलास? खरे सांग.” वडिलांच्या आजारपणामुळे नाइलाजाने आलो, असे तो म्हणाला. पुढे नाइलाज कधी संपला आणि आवड कधी सुरू झाली, ते आपल्याला नक्की सांगता येणार नाही, असेही म्हणाला. या उत्तरात शोभा काहीच नव्हती. जोयड्यातल्या सूर्यास्ताचे वर्णन त्याने केले असते तर कदाचित ती रात्रीच्या बसने परत गेली असती. फेरीबोटीवर मात्र दोघे कठड्याला टेकून समोरासमोर उभे राहिले, आणि तिने आपल्या अटी सांगितल्या. नोकरी सोडणार नाही. जोयडा-रामनगरकडे शाळा मिळेपर्यंत लग्न थांबेल. मोटार चालवायला शिकेन आणि घरची मोटार मलाही मोकळी असेल. पाहुण्यांच्या खोल्यांचा स्वयंपाक ही माझी आपोआप जबाबदारी होणार नाही. तो सगळ्याला ‘हो’ म्हणाला नाही. शेवटच्या अटीवर त्याने आईशी बोलायला दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मागितले, म्हणूनच बाकीच्या होकारांवर तिचा विश्वास बसला.

शनिवारी सकाळी ती मला म्हणाली, “काका, तुमचे जुने गाव दाखवा.” मी तिला आणि पुतण्याला जलाशय दिसतो अशा उंचवट्यावर नेले आणि पाण्याकडे बोट केले. जुने सुपे काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले होते, तालुक्याला त्याचेच नाव होते. १०१ मीटर उंचीच्या भिंतीने १९८७ साली धरण पुरे झाले आणि गाव पाण्याखाली गेले. माणसे रामनगरला आणि इतरत्र गेली. आपल्या वाचकांना हे सांगायला नको. कित्येकांच्या घरांच्या चौकटी त्या गावातून उचलून आणलेल्या आहेत. तरुण जोडप्याने फिरून पाहावे असे आपले जे एक गाव होते, ते आता बोटानेच दाखवावे लागते. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “तुमच्या आई इथे लग्न होऊन आल्या होत्या ना? मग गाव सोडताना त्यांना काय वाटले?” मी सांगितले, ती सुप्याला आली तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते, आणि सुपे सोडले तेव्हाही तिला कोणी विचारले नाही. दोन्ही वेळा तिने सामान मात्र नीट बांधले. हे वाक्य बोलेपर्यंत मलाही ते इतके स्वच्छ दिसले नव्हते.

माघी पौर्णिमा नुकतीच झाली होती. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेचे ते दिवस. उत्तरेकडून, धारवाड-बेळगावच्या बाजूने भाविक सजवलेल्या बैलगाड्या घेऊन उळवीला येतात, हा रिवाज मोटारींच्या काळातही टिकला आहे. दांडेलीच्या वाटेवर परतीच्या गाड्यांची एक रांग आम्हाला लागली. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, गाडीत झोपलेली पोरे. रस्त्याच्या वळणावर गाड्या संथपणे, कुठेही न घसरता फिरत होत्या. मुलगी आदल्या दिवशीच्या अनुभवाने शहाणी झालेली होती. तिने विचारले, “यांची चाके वळणावर का घसरत नाहीत?”

याचे उत्तर मला ठाऊक होते, कारण कार्टची चौकशी करताना तेच वाचले होते. कार्टची मागची दोन्ही चाके एका अखंड आसाला घट्ट जखडलेली असतात. एक फिरले की दुसऱ्याला तितकेच फिरावे लागते. पण वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला असतो, आतल्याला जवळचा. दोघांना सारखेच फिरवले तर एकाला घसरावे लागते किंवा क्षणभर जमिनीवरून उचलले जावे लागते. बैलगाडीचा आस स्थिर असतो. चाके त्याच्या दोन टोकांवर खिळीने अडकवलेली असतात आणि आपापल्या गतीने फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी, आणि गाडी दोघांची मिळून एकच राहते. मोटारीत हेच काम साधायला दातेरी चाकांची पेटी बसवावी लागते. आपल्या सुताराने ते लाकडात केव्हाच साधले होते.

पती आणि पत्नी ही संसाररथाची दोन चाके, हे वाक्य आपण प्रत्येक लग्नात ऐकतो. वक्ता ते म्हणतो आणि मंडप माना डोलावतो. चाके आसाला कशी जोडलेली असावीत, हे मात्र कोणी सांगत नाही. आपल्या जुन्या घरांत ती बहुधा जखडलेली असत. सरळ रस्त्यावर ते कळतही नसे. वळण आले की, म्हणजे बदली, आजारपण, धरण, असे काही आले की, एका चाकाला मुकाट्याने घसरावे लागे; आणि ते चाक कोणते, हे ठरलेले असे. माझ्या आईचे सामान मी त्या दिवशी पुन्हा आठवले.

पुतण्याच्या आईने शेवटची अट मान्य करायला दोन नव्हे, नऊ दिवस घेतले. मान्य केली ती मनापासून केली. पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी गावातली एक बाई पगारी ठेवली. मुलीचा होकार आला तो फोनवर, पुतण्याकडे, थेट. आम्हा वडीलधाऱ्यांना तो दुसऱ्या दिवशी कळला. वहिनींना ते थोडे लागले, पण आठवड्याभरात त्याही हसून सांगू लागल्या.

आपल्या मंडळाच्या सभासदांत उपवर मुलांचे आणि मुलींचे पालक बरेच आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलांना असा एक पूर्ण दिवस द्यावा. तो चौदा फेब्रुवारी असो की गुढीपाडवा, कार्ट असो की एस. टी. बस, यात फारसे अंतर नाही. दिवसाचा थोडा भाग असा असावा की ज्यात दोघांच्या हाती आपापले चक्र असेल, कारण माणूस हरताना आणि जिंकताना कसा वागतो ते तिथेच दिसते. थोडा भाग असा असावा की ज्यात एकाने दुसऱ्याच्या मागे विश्वासाने बसावे. आणि थोडा वेळ गाडी बाजूला लावून समोरासमोर उभे राहावे. ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक असावी. त्या दिवशी बेळगावहून निघताना मुलीच्या आईने तिच्या पर्समध्ये परतीच्या बसचे भाडे वेगळे घालून दिले होते. ते लागले नाही. पण ते होते म्हणूनच ती दिवसभर निर्धास्त होती, असे तिने पुढे माझ्या पत्नीला सांगितले. आपल्या मुलीला अशा दिवशी पाठवताना साडी कोणती नेसावी यावर जेवढी चर्चा होते, तेवढी त्या भाड्याची आठवण ठेवावी.